करारावरची एक सही : डॉ. मर्री चेन्ना रेड्डी

हैदराबाद राज्याची १ नोव्हेंबर १९५६ रोजी तीन भागांत वाटणी झाली. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, कानडी मुलूख म्हैसूर राज्याला मिळाला, आणि तेलंगणाचे जिल्हे आंध्र राज्याला जोडून आंध्र प्रदेश उभा राहिला. या वाटणीतला आपापल्या गावापुरता तपशील सीमेवरच्या मराठी माणसाला तोंडपाठ असतो. नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही मंडळे आंध्रात गेली. देगलूर तालुक्यातून बिचकुंदा आणि जुक्कल गेले. बीदर जिल्ह्याचे तर तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबईकडे. नारायणखेड, न्याळकल आणि जहीराबादचा बहुतेक भाग आंध्राकडे. उरलेले बीदर, भालकी, औराद म्हैसूरकडे. आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट आणि राजुरा आपल्या बाजूला आले.

आपले लक्ष नेहमी या रेषेवर खिळलेले राहिले. त्यामुळे रेषेच्या पलीकडे, ज्यांची भाषा आणि राज्याची भाषा एकच ठरली होती त्या तेलुगू लोकांच्या मनात त्याच दिवशी काय चालले होते, याकडे आपण फारसे पाहिलेले नाही. एकभाषिक राज्य मिळाल्याचा आनंद तेलंगणात सार्वत्रिक नव्हता. पुष्कळांना ते राज्य नको होते. ज्यांनी अखेर ते मान्य केले, त्यांनी एक लेखी करार पदरात पाडून घेऊन मान्य केले. त्या करारावर तेलंगणाच्या बाजूने चौघांच्या सह्या आहेत. त्यांतील एक सही सदतीस वर्षांच्या एका डॉक्टरची होती. पुढच्या चाळीस वर्षांत हा मनुष्य त्या कराराचा जामीनदार, फिर्यादी, विसर्जक आणि लाभार्थी अशा सगळ्याच भूमिकांत दिसतो. डॉ. मर्री चेन्ना रेड्डी हे त्यांचे नाव.

चेन्ना रेड्डींचा जन्म १३ जानेवारी १९१९ चा, विकाराबादजवळच्या सिरपुरम गावचा. विकाराबाद हे नाव मराठी प्रवाशाला परके नाही. परळी, लातूर रोड, उदगीर, भालकी, बीदर, जहीराबाद करीत हैदराबादकडे जाणारी गाडी जिथे वाडीहून येणाऱ्या लोहमार्गाला मिळते, ते हे जंक्शन. त्याच वाडीच्या मार्गावर पुढे तांडूर लागते. ते त्या काळी गुलबर्गा जिल्ह्यात होते आणि तेही १९५६ साली आंध्रात गेले. थोडक्यात, हा तेलुगू घरात जन्मलेला मुलगा कानडी मुलखाच्या उंबरठ्यावर वाढला, आणि वैद्यकीचे शिक्षण त्याने घेतले ते उर्दूतून. उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणमाध्यम उर्दू होते आणि त्याचे वैद्यकीय महाविद्यालयही त्याला अपवाद नव्हते. १९४१ साली चेन्ना रेड्डी तेथून एम.बी.बी.एस. झाले. मातृभाषा एक, शेजारभाषा दुसरी, विद्येची भाषा तिसरी, हा त्या राज्यातील शिकलेल्या माणसाचा सर्वसाधारण अनुभव होता. नांदेड-परभणीकडच्या मराठी मुलांचाही तोच.

निजामी राज्यात राजकारणाचा दरवाजा समोरून उघडा नव्हता. गश्ती निशाण ५३ या हुकुमान्वये सभा घ्यायची तर सरकारची पूर्वपरवानगी लागे. म्हणून मराठी मंडळींनी शाळेच्या आणि ग्रंथालयाच्या आडोशाने काम केले. हैदराबादेतील विवेकवर्धिनी शाळा १९०७ मधली, आणि महाराष्ट्र परिषदेचे परतूरचे पहिले अधिवेशन १९३७ मधले. तेलुगू मंडळींनी आंध्र महासभा काढली. अशा वातावरणात वकील आणि डॉक्टर हे दोन व्यवसाय पुढारीपणाला सोयीचे ठरले. त्यांची रोजीरोटी सरकारी नोकरीवर अवलंबून नसे आणि त्यांच्याकडे माणसांचा राबता असे. डॉ. जी. एस. मेलकोटे, सरोजिनी नायडूंचे पुत्र होमिओपॅथ डॉ. जयसूर्य, आणि आपले डॉ. चेन्ना रेड्डी ही याच वाटेने आलेली माणसे. चेन्ना रेड्डींनी डॉक्टरकी मागे टाकली, पण नावामागची 'डॉक्टर' ही अक्षरे मात्र जन्मभर सोडली नाहीत. हैदराबादेत नुसते 'डॉक्टरसाब' म्हटले तरी राजकारणी वर्तुळात कोणाविषयी बोलणे चालले आहे ते कळत असे.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते विकाराबादेतून निवडून आले आणि बुर्गुला रामकृष्ण राव यांच्या मंत्रिमंडळात त्यांना शेती व अन्नपुरवठा ही खाती मिळाली. ते मंत्रिमंडळ म्हणजे तीन भाषांची पंगत होती. दिगंबरराव बिंदू, देवीसिंग चौहान यांच्यासारखी मराठी माणसे त्यात तेलुगू आणि कानडी सहकाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसत. आज त्या मंत्रिमंडळाची आठवण तीन राज्यांच्या इतिहासांत तीन तुकड्यांनी येते. सबंध अशी कोठेच येत नाही.

या सरकारपुढे पहिल्याच वर्षी जो पेच आला, त्याचे नाव 'मुलकी'. निजामाच्या १९१९ च्या फर्मानाने राज्यातील नोकऱ्या मुलकी लोकांसाठी राखल्या होत्या. मुलकी म्हणजे या राज्यात जन्मलेला, किंवा पंधरा वर्षे येथे वास्तव्य केलेला. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर शेजारच्या प्रांतांतून अधिकारी, कारकून, शिक्षक मोठ्या संख्येने आले. मुलकी दाखले खोटेपणाने मिळवले जातात अशी ओरड सुरू झाली, आणि सप्टेंबर १९५२ मध्ये हैदराबादच्या रस्त्यांवर विद्यार्थ्यांचे आंदोलन पेटून गोळीबारात माणसे मेली. बाहेरून आलेल्यांत तेलुगू बोलणारे आंध्रवासी मोठ्या प्रमाणावर होते. आपल्याच भाषेत बोलणारा, पण जास्त शिकलेला, इंग्रजीची सवय असलेला माणूस आपल्या खुर्चीवर येऊन बसतो, ही तेलंगणाची तक्रार होती. भाषावार प्रांतरचनेच्या तत्त्वात या तक्रारीला कुठेच जागा नव्हती.

फाजल अली आयोगाला मात्र ती ऐकू आली. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात तेलंगणाला आंध्रात तूर्त घालू नये, वेगळे ठेवावे आणि १९६१ च्या सुमारास होणाऱ्या निवडणुकीनंतर विधानसभेने दोनतृतीयांश मतांनी ठरवले तरच विलीनीकरण करावे, अशी शिफारस केली. या वेगळ्या राज्यात बीदर जिल्हा ठेवावा असेही आयोगाने सुचवले होते. ते झाले असते तर बीदरच्या मराठी माणसाचा आजचा भांडणाचा पत्ता बेंगळुरूऐवजी हैदराबाद असता. बुर्गुला रामकृष्ण राव यांची भूमिका दोलायमान राहिली. कोंडा वेंकट रंगा रेड्डी आणि त्यांचे भाचे चेन्ना रेड्डी हे मात्र उघडपणे वेगळ्या तेलंगणाच्या बाजूचे होते.

दिल्लीचा कल विशालांध्राकडे झुकला, आणि २० फेब्रुवारी १९५६ रोजी तेथील हैदराबाद हाउसमध्ये दोन्ही बाजूंचे चार-चार नेते बसले. आंध्राकडून बेजवाडा गोपाल रेड्डी, नीलम संजीव रेड्डी, गौतू लच्चन्ना आणि अल्लूरी सत्यनारायण राजू. तेलंगणाकडून बुर्गुला, रंगा रेड्डी, चेन्ना रेड्डी आणि जे. व्ही. नरसिंग राव. तिथे जो मसुदा ठरला, तो 'सभ्य गृहस्थांचा करार' या नावाने प्रसिद्ध आहे. नावातच त्याचे मर्म आहे. कायद्याने ज्याची अंमलबजावणी मागता येत नाही आणि केवळ सभ्यतेच्या भरवशावर जो सोडलेला असतो, तो असा करार.

कलमे मात्र बारकाईने घातलेली होती, आणि ती वाचताना मराठी वाचकाला नागपूर करार सारखा आठवत राहील. सर्वसाधारण प्रशासनाचा खर्च दोन्ही विभागांनी प्रमाणात सोसावा आणि तेलंगणाच्या महसुलातून जे उरेल ते तेलंगणातच खर्च व्हावे. तेलंगणातील शिक्षणसंस्थांतील जागा तेथल्या विद्यार्थ्यांना सुरक्षित राहाव्यात. नोकरीसाठी बारा वर्षांच्या वास्तव्याची अट असावी. तेलंगणातील शेतजमिनीच्या विक्रीवर प्रादेशिक मंडळाचे नियंत्रण असावे. न्यायालयांत आणि कचेऱ्यांत उर्दूचे स्थान पाच वर्षे कायम राहावे. मंत्रिमंडळात आंध्र आणि तेलंगण यांचे प्रमाण साठास चाळीस असावे. मुख्यमंत्री एका विभागाचा असेल तर उपमुख्यमंत्री दुसऱ्याचा असावा. आणि गृह, अर्थ, महसूल, नियोजन, उद्योग या पाच खात्यांपैकी दोन तेलंगणाकडे यावीत.

उर्दूचे कलम सहज वाचून पुढे जाण्यासारखे नाही. तेलुगू नेत्यांनी तेलुगू राज्यात शिरताना उर्दूसाठी मुदत मागून घेतली, कारण त्यांच्या भागातील तलाठी, पेशकार, वकील सगळे उर्दूत काम करीत होते आणि राज्यभाषा एका रात्रीत बदलली तर आपलेच लोक अडाणी ठरतील हे त्यांना दिसत होते. घरची भाषा आणि कचेरीची भाषा यांतले अंतर औराद किंवा भैंशाच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

करार मोडायला वेळ लागला नाही. नव्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री संजीव रेड्डी झाले, जे स्वतः करारावर सही करणाऱ्यांपैकी होते, आणि त्यांनी उपमुख्यमंत्री नेमलाच नाही. त्या पदाला त्यांनी हाताच्या सहाव्या बोटाची उपमा दिली, हे तेलंगणात अजून सांगितले जाते. १९६० मध्ये दामोदरम संजीवय्या मुख्यमंत्री झाल्यावर रंगा रेड्डींना ते पद मिळाले. 'प्रादेशिक मंडळ' १९५८ मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने प्रत्यक्षात आले ते 'प्रादेशिक समिती' होऊन, विधानसभेच्या पोटातली एक समिती म्हणून. तिच्या हातात शिफारशी होत्या, तिजोरीची किल्ली नव्हती. वास्तव्याच्या अटीसाठी १९५७ मध्ये संसदेने कायदा केला, तो मुदतीचा आणि पळवाटांचा.

सर्वांत मोठा घोळ पैशाचा झाला. तेलंगणाचा उरलेला महसूल तेलंगणातच खर्च होतो की नाही हे बघणारी यंत्रणा करारात नव्हती. बारा वर्षे कोणी हिशेब मागितला नाही. मागितला तेव्हा दोन समित्यांनी दोन आकडे दिले. कुमार ललित समितीने १९५६ ते १९६८ या काळात तेलंगणाची न वापरलेली शिल्लक ३४.१० कोटी रुपये काढली; न्यायमूर्ती भार्गव समितीने ती २८.३४ कोटींवर आणली. भांडण मग रकमेवर सुरू झाले. येथे एक शब्दभेद ध्यानात घेण्याजोगा आहे. तेलंगणाने आपली तक्रार 'शिल्लक' या शब्दात मांडली: आमचे होते, ते तिकडे गेले. विदर्भ-मराठवाड्याने तीच तक्रार 'अनुशेष' या शब्दात मांडली: आमच्याकडे यायला हवे होते, ते आलेच नाही. पहिल्या शब्दात चोरीचा आरोप आहे, दुसऱ्यात उपेक्षेचा. १९५३ च्या नागपूर करारानंतर अनुशेषाचा पहिला पद्धतशीर हिशेब दांडेकर समितीने मांडला तो १९८४ मध्ये, म्हणजे एकतीस वर्षांनी. रक्कम होती ३,१८६ कोटी. तेलंगणाने त्या मानाने लवकर हिशेब मागितला, आणि कदाचित म्हणूनच तिथे राग रस्त्यावर आला.

या सगळ्या काळात करारावर सही करणारे डॉक्टर काय करीत होते? साठच्या दशकात ते राज्याच्या मंत्रिमंडळात होते, आणि १९६७ मध्ये केंद्रात पोलाद आणि खाण खात्याचे मंत्री झाले. करार पाळला जात नसताना सत्तेत बसून राहिल्याचा ठपका त्यांच्यावर ठेवला जातो, आणि तो पूर्णपणे पुसता येत नाही. मला मात्र यात एका माणसाच्या दोषापेक्षा रचनेचा दोष अधिक दिसतो. करार करणारे बहुतेक जण एकाच पक्षाचे होते. तेलंगणाचा नेता जोवर पक्षात वर चढत होता तोवर त्याने कराराचा विषय काढणे म्हणजे स्वतःची शिडी हलवणे होते. ज्यांच्यावर पहारा करायचा तेच पहारेकऱ्याचा पगार ठरवत होते.

शिडी हलली ती दुसऱ्याच कारणाने. १९६७ च्या निवडणुकीत चेन्ना रेड्डी तांडूरमधून निवडून आले होते. त्यांच्या निवडणुकीला वंदेमातरम् रामचंद्र राव यांनी आव्हान दिले. निजामाच्या तुरुंगात फटके खाताना 'वंदे मातरम्' म्हणत राहिले म्हणून हे बिरूद ज्यांच्या नावाला चिकटले, ते हे आर्यसमाजी कार्यकर्ते. १९६८ मध्ये उच्च न्यायालयाने भ्रष्ट निवडणूक व्यवहाराच्या कारणावरून निवड रद्द केली, मंत्रिपद सुटले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायम केला. सहा वर्षे निवडणूक लढवायला बंदी आली. पन्नाशी गाठत असलेला, केंद्रीय मंत्रिपदावरून उतरलेला, निवडणुकीला अपात्र ठरलेला हा नेता घरी बसला असतानाच जानेवारी १९६९ उजाडला.

त्या महिन्यात खम्ममला रवींद्रनाथ या विद्यार्थ्याने तेलंगणाच्या संरक्षक तरतुदी अमलात आणा म्हणून उपोषण सुरू केले. जवळच्या कोठागुडेम-पाल्वंचा भागातील औष्णिक वीज केंद्रात बाहेरचे लोक भरल्याचा असंतोष त्यामागे होता. मुख्यमंत्री कासू ब्रह्मानंद रेड्डींनी घाईघाईने सर्वपक्षीय समझोता केला, बिगर-मुलकी कर्मचाऱ्यांना परत पाठवण्याचा आदेश काढला. पण उस्मानियाचे विद्यार्थी तोवर 'संरक्षण नको, राज्य हवे' इथवर पोहोचले होते. मार्चअखेरीस सर्वोच्च न्यायालयाने १९५७ च्या कायद्यातील तेलंगणापुरती वास्तव्याची अट घटनाबाह्य ठरवली. संसदेला एखाद्या राज्यातील वास्तव्याची अट घालता येते, राज्याच्या एका भागातील वास्तव्याची घालता येत नाही, असा तो तर्क. म्हणजे कराराची जी कलमे कायद्यात उतरली होती, त्यांचाही आधार गेला.

मार्चमध्येच मदनमोहन आणि इतरांनी तेलंगण प्रजा समितीची स्थापना केली होती. मे महिन्यात चेन्ना रेड्डींनी तिचे नेतृत्व हाती घेतले. यावर तेव्हाही दोन मते होती आणि आजही आहेत. विद्यार्थ्यांनी पेटवलेल्या चुलीवर डॉक्टरांनी आपले भांडे चढवले, असे म्हणणारे आहेत. पण अनुभवी नेता आल्याने चळवळीला जिल्ह्याजिल्ह्यांत संघटना मिळाली, हेही खरे आहे. त्यांना प्रतिबंधक कायद्याखाली अटक झाली. मंत्रिमंडळातून कोंडा लक्ष्मण बापूजी बाहेर पडले. ते मूळचे आदिलाबाद जिल्ह्यातील वांकिडीचे, आपल्या राजुऱ्याच्या अगदी शेजारचे. गोळीबारांत किती मेले याविषयी तेलंगणात ३६९ हा आकडा सांगितला जातो, सरकारी आकडा त्याहून पुष्कळ कमी आहे. विधानभवनासमोर गन पार्कमध्ये त्यांचे स्मारक उभे आहे. हुतात्म्यांची संख्या नेमकी किती हा वाद संयुक्त महाराष्ट्रालाही चुकला नव्हता.

समिती हा शब्दही आपल्या ओळखीचा. एकीकरण समिती आणि प्रजा समिती या दोघींची दिशा उलट आहे: एकीला आपल्या भाषेच्या राज्यात जायचे आहे, दुसरीला आपल्याच भाषेच्या राज्यातून बाहेर पडायचे होते. तरी दोघींच्या निवेदनांतील मागण्या शेजारी ठेवून पाहाव्यात. नोकरी, शाळा, कचेरी, पाणी, महसूल. क्रमात फरक असेल, यादी जवळजवळ तीच आहे.

१९७१ च्या मुदतपूर्व लोकसभा निवडणुकीत तेलंगण प्रजा समितीने तेलंगणातील चौदा जागांपैकी दहा जिंकल्या. खुद्द हैदराबादेतून डॉ. मेलकोटे समितीचे म्हणून निवडून आले. चेन्ना रेड्डींना स्वतः उभे राहता येत नव्हते. उमेदवार त्यांनी दिले, प्रचार त्यांनी केला, आणि इंदिरा गांधींची लाट देशभर उसळलेली असताना तेलंगणात ती अडवून दाखवली. स्वतंत्र राज्याच्या एकाच मागणीवर मिळालेले हे मत होते. त्याहून स्पष्ट कौल लोकशाहीत कोणत्या प्रदेशाला देता येईल?

आणि सहा महिन्यांत, सप्टेंबर १९७१ मध्ये, समिती काँग्रेसमध्ये विलीन झाली.

तेलंगणातील एका संपूर्ण पिढीने यासाठी चेन्ना रेड्डींना क्षमा केली नाही. विश्वासघात हा शब्द त्यांच्या नावाला कायमचा चिकटला. मी त्यांचा वकील नाही. तरीही त्या वेळचे अंकगणित मांडले पाहिजे. इंदिरा गांधींच्या काँग्रेसकडे लोकसभेत एकट्याच्या ३५२ जागा होत्या. दहा खासदारांनी पाठिंबा दिला काय किंवा काढला काय, दिल्लीत पानही हलत नव्हते. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली, तेव्हा द्वैभाषिक मुंबई राज्याचे सरकार डळमळीत होईल अशी स्थिती होती. म्हणून तिथे कौलाला धार होती. तेलंगणाचा कौल तितकाच स्पष्ट असून बोथट ठरला. यशाची वेळ चुकणे हेही राजकारणात अपयशच. विलीनीकरणाच्या बदल्यात ब्रह्मानंद रेड्डी गेले आणि तेलंगणाचे पी. व्ही. नरसिंह राव मुख्यमंत्री झाले. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ज्यांनी तेलुगूत नेली ते हेच मराठी जाणणारे नरसिंह राव. तेलंगणाचा माणूस मुख्यमंत्री, एवढेच तेलंगणाच्या हाती आले, आणि तेही सव्वा वर्ष टिकले. ऑक्टोबर १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलकी नियम वैध ठरवले, त्यावर आंध्र भागात 'जय आंध्र' चळवळ उठली, आणि जानेवारी १९७३ मध्ये राष्ट्रपती राजवट आली.

अंकगणित मान्य करूनही एक गोष्ट उरते. विलीन व्हायचेच होते, तर हाती दहा खासदार आणि लाखो मते असताना १९५६ च्या करारातील मूळ उणीव भरून घेता आली असती: हिशेब तपासणारी स्वतंत्र यंत्रणा आणि ती न मानल्यास दाद मागण्याची जागा. १९५६ ची सही ज्याने केली होती त्याच्याइतके हे दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? त्याने व्यक्ती बदलून घेतली आणि रचना तशीच राहू दिली. माझ्या मते त्यांच्या चरित्रातील खरा दोष विलीनीकरणापेक्षा या ठिकाणी आहे.

पुढचा प्रवास झपाट्याचा आहे. १९७४ ते १९७७ उत्तर प्रदेशचे राज्यपाल. १९७८ मध्ये इंदिरा गांधी सत्तेबाहेर असताना आंध्र प्रदेशात त्यांच्या काँग्रेसने विजय मिळवला आणि चेन्ना रेड्डी मुख्यमंत्री झाले. ज्या राज्यातून बाहेर पडण्यासाठी ते तुरुंगात गेले त्याच राज्याचे. त्याच वर्षी १५ ऑगस्टला हैदराबादभोवतीच्या ग्रामीण भागाचा वेगळा जिल्हा करून त्याला त्यांनी मामांचे, रंगा रेड्डींचे, नाव दिले. १९८० मध्ये पद गेले. मग पंजाबचे राज्यपालपद, १९८९ च्या डिसेंबरात पुन्हा मुख्यमंत्रिपद, आणि वर्षभराने हैदराबादेत भीषण दंगली उसळल्यावर राजीनामा. राजस्थान आणि तमिळनाडूचे राज्यपालपद त्यानंतरचे. तमिळनाडूत मुख्यमंत्री जयललिता यांच्याशी त्यांचा जो संघर्ष झाला तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. त्या पदावर असतानाच २ डिसेंबर १९९६ रोजी त्यांचा मृत्यू झाला. हैदराबादेतील राज्याच्या प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेला आज त्यांचे नाव आहे. मुलकी-बिगरमुलकी वादावर ज्यांनी राजकारण उभे केले, त्यांच्या नावाच्या इमारतीत नवे अधिकारी सेवानियम शिकतात.

करारातल्या कलमांचे काय झाले ते सांगितले पाहिजे, कारण ती मेली नाहीत. सप्टेंबर १९७३ मध्ये सहा-कलमी तोडगा निघाला. त्याने प्रादेशिक समिती आणि मुलकी नियम दोन्ही रद्द केले, पण बत्तिसाव्या घटनादुरुस्तीने घटनेत ३७१-ड हे कलम घातले. १९६९ च्या निकालाने जी वाट बंद केली होती ती या कलमाने उघडली: राज्याच्या आत विभाग पाडून स्थानिक उमेदवारांना नोकरी आणि शिक्षणात प्राधान्य देण्याचा अधिकार राष्ट्रपतींना मिळाला. अंमलबजावणी येथेही ढिली झाली. नियम डावलून नेमलेल्यांना परत पाठवण्यासाठी डिसेंबर १९८५ मध्ये ६१० क्रमांकाचा शासन आदेश काढावा लागला, आणि तो आदेशच पुढे नव्या चळवळीचे हत्यार झाला. २००१ नंतरच्या तेलंगण चळवळीने नवा करार मागितलाच नाही. २ जून २०१४ ला राज्य झाले.

मराठवाड्यासाठी १९५६ पासून घटनेत ३७१(२) होते. त्यानुसार वैधानिक विकास मंडळे यायला १९९४ साल उजाडले. बीदर, गुलबर्गा, रायचूर या बाजूला काहीच नव्हते. तेथल्या लोकांनी तेलंगणाच्या ३७१-ड कडे बोट दाखवून तसेच संरक्षण मागितले, आणि अठ्ठ्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने २०१३ मध्ये त्यांना ३७१-ज मिळाले. निजामाच्या राज्याचे तीन तुकडे तीन भाषिक राज्यांत गेले, पण तिघांनाही संरक्षण मागत एकाच क्रमांकाच्या कलमाशी यावे लागले. औराद किंवा भालकीचा मराठी तरुण आज स्थानिक असल्याच्या दाखल्यावर सरकारी नोकरीसाठी अर्ज करतो तो ३७१-ज खाली, आणि भैंशाचा किंवा मुधोळचा तरुण ३७१-ड खाली. भाषिक अल्पसंख्य म्हणून त्यांना मिळायला हवे ते मिळते की नाही हा प्रश्न वेगळा आहे आणि तो तसाच उभा आहे. पण 'इथला' म्हणून त्यांना जी जागा मिळते तिची वंशावळ १९१९ च्या फर्मानापर्यंत जाते.

नव्या तेलंगणातही विभागांची वाटणी शांतपणे झाली नाही. २०१६ मध्ये विकाराबाद हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि २०१८ च्या राष्ट्रपती आदेशात तो जोगुलांबा विभागात टाकला गेला. हैदराबादच्या नोकऱ्या आमच्या आवाक्याबाहेर गेल्या, अशी तक्रार जिल्ह्यातून सुरू झाली. २०२१ मध्ये आदेश दुरुस्त होऊन विकाराबाद चारमिनार विभागात आले, आणि सिरपुरमची मुले हैदराबादच्या नोकऱ्यांसाठी पुन्हा स्थानिक ठरली.